दुसरा ग्लास

डोसबाई जावयाबरोबर जहाजावर जायला तयार झाल्या, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीला आधी ते खरंच वाटेना. वर्षभर ज्याचं नाव निघालं की बाईंच्या कपाळावर आठ्या चढायच्या, त्याच्याबरोबर आठवडाभर समुद्रावर?

“अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” बहीण म्हणाली. “त्याचं तोंड पाहणार नाही म्हणाली होतीस.”

“तोंड बघायला कोण जातंय? जाब विचारायला जातेय. जमिनीवर माणूस कामाचं निमित्त काढून सटकतो. जहाजावरून कुठे जाईल?”

बाईंचं औषधाचं दुकान होतं. नवऱ्याबरोबर थाटलेलं आणि नवऱ्यामागे एकटीने चालवलेलं. गोळ्यांच्या पुडीबरोबर चार शब्द ऐकवल्याशिवाय त्या गिऱ्हाइकाला पायरी उतरू देत नसत. ‘ही रिकाम्या पोटी घेऊ नकोस, जागरणं बंद कर, आणि घरात आवाज चढवणंही बंद कर, निम्मं डोकं त्यानेच दुखतंय.’ औषधाचा डोस आणि उपदेशाचा डोस एकाच काउंटरवर मिळायचा, म्हणून बाजारातल्या कुणीतरी त्यांना डोसबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. बाई तोंडाने रागवायच्या, पण मनातून खूश असायच्या.

त्यांना एकुलती एक लेक. बंदरावर क्रेन चालवायची. ‘कशाला एवढ्या उंच जाऊन बसायचं?’ असं बाई सुरुवातीला रोज कुरकुरायच्या, आणि पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ‘माझी मुलगी क्रेन चालवते’ हेही रोज सांगायला लागल्या. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. एकदा क्रेनवर चढायची लिफ्ट बंद पडली आणि लेक वर अडकली, तेव्हा तो आला होता. “मला खाली उतरवायला आला आणि डोक्यावरच येऊन बसला,” असं लेक हसत सांगायची.

जहाजाची सहल ठरवली होती तीही लेकीनेच. क्रेनच्या काचेच्या केबिनमधून ती येणारी-जाणारी पांढरीशुभ्र प्रवासी जहाजं बघायची. “वरून अगदी खेळण्यातली वाटतात. एकदा आत शिरून बघायचंय, आणि आईला नेऊन दाखवायचंय.” तिघांचं बुकिंग, शेजारशेजारच्या दोन खोल्या, मध्ये उघडणारं दार. जायची तारीख उजाडायच्या आत लेकच गेली. जहाजाच्या कंपनीने कळवलं, मृत्यूच्या कारणाने एकदा तारीख पुढे ढकलता येईल. जावयाने वर्ष सरत आल्यावर बाईंना फोन केला. “आई, तिची फार इच्छा होती. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी समजू शकतो.”

बाई ‘येते’ म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

त्यांच्या मनात काय होतं ते सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं, कारण बाईंनी ते सगळ्यांसमोरच बोलून दाखवलं होतं. लेकीचा आजार कितीतरी महिने चालला होता आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. कळलं ते थेट दवाखान्यातून, आणि बाई धावत पोचल्या तेव्हा लेक कुणाला ओळखण्यापलीकडे गेली होती. “मी औषधात जन्म काढला,” अंत्यविधीहून परतल्यावर भरल्या घरात बाई जावयाकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, “जगाची दुखणी मला माहीत, आणि माझ्या पोटच्या पोरीचं या माणसाने मला कळू दिलं नाही. वर तिला दारू पाजत होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी दोन ग्लास पाहिलेत.”

ते खरंही होतं. त्याआधी एकदा न कळवता संध्याकाळी त्या लेकीकडे गेल्या होत्या. टेबलावर लांब दांडीचे दोन ग्लास होते आणि लेकीच्या तोंडाला वास येत होता. तेव्हा तिने हसण्यावारी नेलं. पुढे तारखा जुळवल्यावर बाईंना कळलं, तेव्हा ती आजारी होती.

जावई त्या दिवशी मान खाली घालून उभा राहिला. ‘हो’ म्हणाला नाही, ‘नाही’ही म्हणाला नाही. बाईंनी त्याचा अर्थ एकच काढला: चोराच्या मनात चांदणं. लग्नापासून त्या त्याला ‘अरे-तुरे’ करायच्या. त्या दिवसापासून ‘अहो’ म्हणायला लागल्या.

*

जहाज सुटलं तेव्हा ते दोघं कठड्याशी उभे होते. बंदरावरच्या क्रेनची रांग हळूहळू मागे सरकत होती. जावयाने हात वर करून एक दाखवली. “ती, आई. टोकाची.” बाईंनी मान वळवली नाही. “वारा फार आहे,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

खोली लहानशी पण नीटनेटकी होती. भिंतीला लागून पलंग, आरशाखाली अरुंद टेबल, गोल खिडकी, आणि न्हाणीघर एवढंसं की आत गेल्यावर वळायचं की नाही याचा विचार करावा लागे. मधलं दार फिकट निळ्या रंगाचं. बाईंनी आल्या आल्या त्याची कडी लावून टाकली.

पहिल्या संध्याकाळी त्या जेवणासाठी केस विंचरत होत्या, तेवढ्यात त्या दारापलीकडून आवाज आला. बर्फाचा. आधी भांड्यात पडल्याचा, मग चमच्याने संथ ढवळल्याचा. तो आवाज बाईंना अनोळखी नव्हता. तयार औषधं फारशी मिळत नसत त्या काळात नवऱ्याने काउंटरमागे उभं राहून मिश्रणं ढवळलेली त्यांनी ऐकली होती. थोड्या वेळाने बेसिनचा नळ वाहिला, आणि मग जावयाने बाहेरच्या दारावर टकटक करून विचारलं, “आई, जेवायला येताय ना?”

‘झालं सुरू,’ बाई मनात म्हणाल्या. जेवताना दोघंही सूपबद्दल बोलले. सूप गरम होतं यावर त्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या संध्याकाळी बर्फ वाजला तशी बाईंनी कडी काढली आणि दार सरळ ढकललं. पलीकडून ते लावलेलंच नव्हतं.

जावई टेबलापाशी उभा होता. टेबलावर टॉवेल अंथरलेला. त्यावर जिनची बाटली, एक छोटी हिरवट बाटली, ऑलिव्हची बरणी, खोली आवरणाऱ्या माणसाने आणून दिलेली बर्फाची बादली, स्टीलचा उभा मग आणि सरबताचा लांब चमचा. आणि लांब दांडीचे दोन ग्लास. दोन्ही भरलेले होते, दोन्हींत तळाशी एकेक ऑलिव्ह. एक त्याच्या हातात होता. दुसरा खिडकीजवळच्या खुर्चीसमोर ठेवला होता आणि खुर्ची रिकामी होती.

“कुणी यायचंय?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग हा?”

जावयाने खुर्चीकडे पाहिलं. “तिचा. म्हणजे, सवय आहे. दोन केले नाहीत तर माप चुकतं.”

“आणि पितं कोण?”

“कुणी नाही. ओतून देतो.”

काल नळ का वाहिला होता ते बाईंना कळलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. आत जायला मन घेईना आणि मागे फिरायलाही.

“कुठेही गेलो की आम्ही खोलीतच करायचो,” जावई म्हणाला. कुणी विचारलं नसताना तो सहसा बोलत नसे, पण आता थांबेना. “बारमध्ये तिला अवघडायचं. सगळे झुळझुळीत कपडे घालून बसलेले, आणि ही क्रेनचे दांडे ओढून ओढून घट्टे पडलेले हात टेबलाखाली लपवायची. एकदा म्हणाली, ‘चल, आपला बार आपल्या खोलीत.’ ग्लास धुऊन फ्रीजमध्ये ठेवायचे. जिन, वर ही व्हर्मूथ अगदी थोडी. ही वाइनच, पण झाडपाल्याची. बर्फावर ढवळायचं, गाळायचं, की झाली मार्टिनी. हलवायची नाही, गढूळ होते, असा तिचा नियम. प्यायची एकच. मग पाय वर घेऊन दिवसभराचं सगळं सांगत बसायची.”

“आजारी असतानाही?”

त्याने ग्लास खाली ठेवला. “हो.”

“डॉक्टरांनी परवानगी दिली होती?”

“नाही. नको म्हणाले होते.”

“आणि तरी तुम्ही दिलीत.”

“हो आई. दिली. रोज नाही, पण मागितली तेव्हा दिली.”

बाई वर्षभर तयारी करून आल्या होत्या. तो नाही म्हणाला असता तर काय बोलायचं, कानांवर हात ठेवले असते तर काय, रडला असता तर काय, सगळी उत्तरं त्यांच्याजवळ होती. सरळ ‘हो’ला मात्र त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्यांनी दार ओढून घेतलं. त्या जेवायला गेल्या नाहीत. पलीकडे नळ वाहिला तो त्यांनी पलंगाच्या कडेवर बसून ऐकला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच समुद्र बिथरला. जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं आणि मध्येच पायाखालची जमीन कुणीतरी ओढून घ्यायचं. आयुष्यभर लोकांना प्रवासाच्या उलटीची गोळी देणाऱ्या बाईंनी स्वतःची गोळी वेळेत घेतली नव्हती. ‘मला नाही लागत असलं काही.’ घेतली तेव्हा उशीर झाला होता आणि ती पोटात टिकली नाही.

आवाज ऐकून जावई मधल्या दारातून आला. काही विचारलं नाही. बाईंच्या कपाळाला हात लावून त्यांचं डोकं न्हाणीघरातल्या बादलीवर धरलं, मागचे केस एका हाताने गोळा करून वर धरले. झाल्यावर ओल्या रुमालाने तोंड पुसलं, बादली धुऊन आणली, उशी पालथी करून थंड बाजू वर केली. मग आपल्या खोलीतून बर्फ आणला, रुमालात बांधून मगाने ठेचला आणि एक खडा बाईंच्या ओठांना लावला. “चघळू नका. नुसता धरा.”

त्यानंतर तो खुर्चीत बसला आणि त्याने बाईंकडे पाहणंच सोडून दिलं. जहाज कललं की कपाटाचं दार धाडकन आपटत होतं. त्याने खिशातला लहान स्क्रू-ड्रायव्हर काढला, बिजागरी सोडवली, कागदाची घडी घालून पुन्हा आवळली. आपटणं थांबलं. पुन्हा उबळ आली की तो उठायचा, धरायचा, पुसायचा, पुन्हा जाऊन बसायचा. ‘कसं वाटतंय?’ असं त्याने दिवसभरात एकदाही विचारलं नाही. बाईंना त्या अवस्थेतही जाणवलं, की न विचारल्यामुळे आपल्याला बरं वाटतंय. कुणाला उत्तर द्यावं लागत नव्हतं. मळमळत होतं तर नुसतं मळमळता येत होतं.

दुपार कलली तसा समुद्र निवला. बाई उशीला टेकून बसल्या. दोन बिस्किटं पोटात राहिली. खिडकीतून येणारा उजेड छतावर हलत होता.

“तिचंही असंच केलंत?” त्यांनी विचारलं.

“ती करू द्यायची नाही. शेवटी शेवटी द्यायला लागली.”

“मला का नाही बोलावलं?”

तो हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरची मूठ फिरवत राहिला.

“मी विचारतेय. लपवायचं कुणी ठरवलं?”

“जाऊ द्या आई. तुम्हाला आज बरं नाही.”

“मी काही काचेची नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर तोंड शिवून उभे राहिलात, आज इथे मी आणि तुम्ही दोघंच आहोत. सांगा.”

जावयाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला, परत काढला. “तिने ठरवलं.”

“खोटं.”

“तिने शपथ घातली होती मला. आणि गेलेल्या माणसाच्या माथी कसं मारायचं? ती काही उलट बोलायला येणार नाही. म्हणून म्हटलं, माझ्या माथी राहिलं तर राहू दे.”

बाईंच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो दुकानदाराचाच होता. “गोळ्या कुठे ठेवायची?”

“माझ्या हत्यारांच्या पेटीत. पान्यांच्या खाली. म्हणायची, आई फ्रीज उघडेल, कपाट उघडेल, उशीखाली हात घालेल, पण तुझ्या त्या ग्रीसने बरबटलेल्या पेटीला शिवणार नाही.”

बाईंना हसू फुटता फुटता राहिलं. त्या पेटीवरून त्यांनी त्याला कितीदा तरी सुनावलं होतं. मग हसू कुठल्या कुठे गेलं. “पण का? मी तिची आई. माझ्यासारखी काळजी कोणी घेतली असती?”

“म्हणूनच.” जावई खिडकीकडे बघत बोलत होता. “बाबांचं आजारपण तिने पाहिलं होतं. आई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळे बाबा जास्त जगले, हे ती नेहमी म्हणायची. पण पुढे म्हणायची, ‘शेवटी घरात बाबा नव्हतेच, एक पेशंट होता. पत्ते बंद, मीठ बंद, मित्रांनी यायचं बंद. आणि आईसुद्धा आई नव्हती, नर्स होती. मी शाळेतून आले की आधी हात धुतलेस का, मग आवाज करू नकोस.’ तिला निदान कळलं त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तिचं पहिलं वाक्य, ‘आईला सांगायचं नाही. दवाखान्यात नर्स पुष्कळ आहेत. मला आई पाहिजे.’”

बाईंनी चादरीचं टोक मुठीत धरलं. नवऱ्याचा तो पलंग त्यांना दिसला, पुढच्या खोलीत आणून ठेवलेला, भिंतीवर औषधांच्या वेळा. किती वाजता काय द्यायचं ते त्यांना अजून तोंडपाठ होतं. त्याच्याशी त्या वर्षांत काय बोललो ते मात्र आठवेना. एकदा त्याने पत्त्यांचा जोड मागितला होता. ‘आधी औषध,’ त्या म्हणाल्या होत्या, आणि औषधानंतर तो झोपून गेला होता.

“म्हणजे मी छळलं त्याला,” त्या म्हणाल्या.

“असं ती कधी म्हणाली नाही.”

“न म्हणता कळतं मला.” बाई उशी सोडून ताठ बसल्या. “आणि ते रविवार? दर रविवारी मी यायचे आणि तिला फाडून खायचे. ‘काय अवतार केलायस, हाडं निघालीत, वेळेवर जेवत नाहीस, त्या क्रेनवर बसून नुसता चहा ढोसतेस.’ मरणाऱ्या पोरीला मी काटकुळी म्हणून टोमणे मारले. वर्षभर मला झोप नाही. डोळे मिटले की माझाच आवाज ऐकू येतो.”

जावई पहिल्यांदा त्यांच्याकडे वळला. “तेच तर तुम्हाला सांगायचं राहिलंय, आई. मी इथे तुम्हाला बोलावलं ते त्यासाठी. दोन दिवस झाले, तोंड उघडत नाहीये.”

“काय?”

“रविवारसाठी ती शुक्रवारपासून निजून राहायची. ताकद साठवायची. सकाळी उठून गालांना रंग लावायची, ढगळ स्वेटर घालायची. तुम्ही ओरडायचात, ती उलट ओरडायची. तुम्ही जिना उतरून गेलात की भिंतीला पाठ लावून खाली बसायची आणि हसायची. घाम फुटलेला असायचा, उठवत नसे, पण हसायची. म्हणायची, ‘आज काय झोडपलंय आईने मला! आठवडाभर सगळे हळू आवाजात बोलतात रे माझ्याशी. डॉक्टर हळू, तू हळू. एक आई तेवढी धडधाकट माणसाशी भांडावं तशी भांडते.’ रविवारी तुम्ही गेल्यावर हमखास मागायची ती मार्टिनी. आणि मी द्यायचो. डॉक्टर नको म्हणाले होते, तरी द्यायचो. त्याबद्दल तुम्ही मला काहीही म्हणा.”

 बाईंनी तोंडावर हात दाबला, पण आतून आलेला हुंदका तेवढ्याने आवरणारा नव्हता. लेक गेली तेव्हा त्या बोलल्या होत्या, भांडल्या होत्या, माणसांना कामाला लावलं होतं, रडल्या नव्हत्या. आता रडल्या. जावई उठला नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. जिथे होता तिथेच बसून राहिला, आणि बाईंना तेच हवं होतं.

*

संध्याकाळ झाली. तो आपल्या खोलीत गेला होता. बाईंनी तोंड धुतलं, साडी बदलली आणि वाट पाहिली. बर्फाचा आवाज येईना. शेवटी त्यांनी मधलं दार उघडलं. तो दिवा न लावता बसला होता.

“आज नाही करायची?”

“तुम्हाला वास सहन व्हायचा नाही म्हणून...”

“तू कर,” बाई म्हणाल्या. “आणि दोन कर. आज ओतून द्यायची नाही.”

‘तू’ ऐकून तो क्षणभर थबकला. मग उठला, दिवा लावला, टॉवेल अंथरला. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. बसताना खुर्चीच्या हातावरून त्यांनी एकदा तळवा फिरवला. त्याने ढवळायला घेतलं तशी त्या म्हणाल्या, “आण इकडे. तुझा चमचा मगाला लागतोय, आवाज किती करतोस.” आणि मग त्यांनीच ढवळलं, कडेकडेने, शांत, नवरा ढवळायचा तसं.

पहिला घोट घेतल्यावर त्यांचा चेहरा असा काही झाला की जावई घाबरून उठलाच.

“हे लोक आपण होऊन पितात?” बाई म्हणाल्या. “मी याच्यापेक्षा बरी खोकल्याची औषधं परत पाठवलीत.”

“राहू द्या, आई. रिकामं पोट आहे तुमचं.”

“बस खाली. चार घोटांनी काही होत नाही, मला शिकवू नकोस.” त्यांनी दुसरा घोट घेतला. तोही तसाच लागला. पण तो घशाखाली गेल्यावर मागे गारवा राहिला आणि कुठल्याशा पाल्याचा वास. यानंतर लेक पाय वर घेऊन बोलत बसायची. “काय काय सांगायची?”

मग तो सांगत गेला. कंटेनर उतरवताना वाऱ्याला ती कशा शिव्या घालायची, खालची माणसं तिला ‘घार’ म्हणायची, आजार वाढल्यावर शेवटचं क्रेनवरून उतरली तेव्हा केबिनची काच कशी पुसून आली. काही गोष्टी बाईंना ठाऊक होत्या, त्या त्यांनी मध्येच पूर्ण केल्या. बऱ्याच नव्हत्या. आपल्या मुलीला आपल्यापेक्षा हा जास्त ओळखत होता, याचा एकदा मत्सर वाटला आणि एकदा हायसं वाटलं.

बोलता बोलता तो अडला. ग्लासातलं ऑलिव्ह उगाच फिरवत राहिला.

“काय झालं?”

“मला राग यायचा तिचा,” तो म्हणाला. “अजून येतो. हे कुणाला सांगता येत नाही. सगळं माझ्या गळ्यात घालून गेली. दर रविवारी तुम्हाला हसून दार उघडायचं, आत तिच्या गोळ्या लपवायच्या. तुम्ही त्या दिवशी बोललात तेव्हा मला तुमचा राग आला नाही, आई. तिचा आला. वाटलं, आता ये आणि सांग की यांना. आणि ती नव्हती. आता भांडायला गेलो तर समोर कुणी नाही.”

बाईंनी ग्लास खाली ठेवला. “मग माझ्याशी भांड,” त्या म्हणाल्या. “तिची आई आहे मी. तो हट्ट माझ्याकडूनच गेलाय तिच्यात.”

तो भांडला नाही. त्याचे खांदे हलायला लागले आणि त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला. वर्षभरात त्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. कोणी पाहायला थांबलंच नव्हतं. बाई उठल्या नाहीत. दिवसभरात एवढं त्या शिकल्या होत्या. त्यांनी फक्त त्याचा ग्लास टेबलाच्या कडेवरून आत सरकवला.

उरलेले दिवस त्यांनी साधेपणाने काढले. डेकवर फिरले, भांडले देखील: बाईंच्या मते तो मीठ फार घालून घ्यायचा. त्या बोलायला लागायच्या आणि अर्ध्यावर थांबायच्या. एकदा तोच म्हणाला, “पूर्ण करा ना, आई. नंतर पोटात दुखेल तुमच्या.” संध्याकाळी ते मार्टिनी करायचे. बाई चार घोट घ्यायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि उरलेली त्याच्या ग्लासात ओतायच्या.

*

जहाज बंदराला लागलं तेव्हा धाकटी बहीण घ्यायला आली होती. गर्दीतून वाट काढत ती सरळ बाईंकडे आली, हातातली पिशवी घेतली आणि गालाला हात लावून म्हणाली, “किती उतरलीस गं!” शेजारी जावई बॅगा घेऊन उभा होता. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही, जसं वर्षभर घरातलं कुणीच पाहत नव्हतं. “चल, गाडी पलीकडे लावलीये.”

“थांब,” बाई म्हणाल्या.

आजूबाजूला माणसं सामान ओढत होती, कुणी कुणाला हाका मारत होतं. बाईंनी आवाज चढवला नाही, पण दुकानात बोलायच्या तसा ठाम ठेवला.

“त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मी याला बोलले. तू होतीस तिथे. मी चुकीचं बोलले. याने लपवलं नव्हतं. माझ्या पोरीने लपवलं होतं, आणि तिने का लपवलं ते मला कळलंय. याने तिचं शेवटपर्यंत सगळं केलं, आणि वर माझे शब्द गिळले. तू ऐकलं होतंस म्हणून तुला पहिलं सांगितलं. बाकीच्यांना घरी गेल्यावर एकेकाला फोन करणार आहे.”

बहिणीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तिने जावयाकडे पाहिलं.  “प्रवास... बरा झाला ना?” ती कशीबशी म्हणाली.

“हो, मावशी,” जावई म्हणाला आणि बॅग उचलायला खाली वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. “पट्टा अडकलाय,” तो खालूनच म्हणाला.

पट्टा मोकळाच होता. बाईंना तो दिसत होता. त्यांनी बहिणीला पिशवी घेऊन गाडीकडे पुढे जायला सांगितलं, आणि त्या स्वतः लोकांचे धक्के खात, त्याच्यावर आडोसा होईल अशा बेताने तिथे उभ्या राहिल्या.